पक्क्या सीटची दोन वर्षं

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाच डॉक्टर झाले. म्हणजे गावाच्या दृष्टीने. डॉक्टरकीच्या शिक्षणाला अजून सुरुवातही व्हायची होती, पण आमच्याकडे असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी कोणी थांबत नाही. पोरगं पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला लागलं की ते 'फौजदार' होतं आणि डी.एड.चा फॉर्म भरला की 'मास्तर'. पुढे काही झालं नाही तरी नाव राहतं. आमच्या गल्लीतले एक फौजदार आता पन्नाशीला आलेत आणि त्यांची पिठाची गिरणी छान चालते.

माझं प्रकरण त्यांच्यापेक्षा पक्कं होतं. बारावीनंतर नीटमध्ये मी पात्र ठरले होते, पण सरकारी कॉलेज मिळण्याइतके मार्क नव्हते. म्हणून चिखलीला बी.एस्सी.ला नाव घातलं आणि रोज सकाळच्या एसटीने जाऊ लागले. दुसऱ्या वर्षी परदेशातल्या एका मेडिकल कॉलेजची योजना कळली. पदवी करत असलेल्या मुलांचे मार्क बघायचे, कॉम्प्युटरवर मुलाखत घ्यायची आणि सीट आधीच राखून ठेवायची. मग पदवी पूर्ण करा आणि या. अर्धी फी माफ होती, बाकीचं वडील बघणार होते. मुलाखत झाली आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं. आमच्या कॉलेजमध्ये सीट तुमच्यासाठी निश्चित राखून ठेवली आहे, असं त्यात लिहिलं होतं.

वडिलांनी ते पत्र चिखलीहून लॅमिनेट करून आणलं आणि बैठकीच्या खोलीत, आल्या-गेल्याची नजर पहिल्यांदा जाईल अशा जागी लावलं. तेवढ्याने त्यांचं भागलं नाही. त्यांनी स्वतःच्या मोटारसायकलच्या समोर डॉक्टर लावतात तसलं लाल अधिकचं चिन्ह चिकटवलं. चिखलीत ट्रॅफिक पोलिसाने अडवून विचारलं, "डॉक्टर कोन हाय?" तर वडील म्हणाले, "व्हायची हाय. पन पक्कं हाय साहेब, पत्र आलं." पोलिसाने सोडून दिलं. वडील हे सगळ्यांना अभिमानाने सांगायचे आणि मी लाजून आत पळायचे. पण खोटं कशाला बोलू, आत जाऊन मला हसू यायचं आणि छान वाटायचं.

हनुमानाच्या पारावर माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि 'भावी डॉक्टर' असं लिहिलेला फ्लेक्स. पहिल्या पावसात त्यातला 'भावी' धुऊन निघाला असावा, कारण त्यानंतर तो शब्द कोणी वापरला नाही.

लोक यायला लागले. आधी रिपोर्ट घेऊन यायचे. अकोल्याला काढलेला एक्स-रे, बुलडाण्याचा सोनोग्राफीचा कागद, रक्ताचे आकडे. "वाच बरं काय लिवलं थे." मी वाचायचे. मोठा आकडा आणि कंसातला आकडा बघून 'जास्त आहे', 'कमी आहे' एवढं कोणालाही सांगता येतं. मग गोळ्यांची पाकिटं यायला लागली, मग नुसती माणसंच. मी मोबाइलवर शोधायचे, झूऑलॉजीच्या पुस्तकात बघायचे आणि चेहरा गंभीर करून काहीतरी सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, कारण बहुतेक दुखणी आपली आपणच बरी होतात. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटायचं की माझ्या हातालाच गुण आहे.

एक गोष्ट मात्र मला त्या वेळीही जाणवली होती. पत्र येण्याआधी वर्गात सरांनी काही विचारलं आणि येत नसलं की मी बिनदिक्कत 'माहीत नाही सर' म्हणायचे. पत्र आल्यावर ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. ज्याची सीट ठरली आहे त्याला माहीत नसून कसं चालेल? आणि अभ्यासाचं म्हणाल तर मी चांगलीच सैल पडले होते. पोचायचं ठिकाण ठरलेलं असलं की माणूस वाटेकडे बघत नाही. मी तर गाडीत बसून झोपलेच.

आता मोठ्या आईबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यामुळे लिहिते आहे. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा मी लहान असतानाच गेले. तिला मूलबाळ नाही. आमचं अंगण एक आणि चुली दोन. तिच्या वाट्याच्या दीड एकरात ती मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि आठवडी बाजाराला चिखलीत नेऊन विकायची. डोक्यावर टोपलं घेऊन बांधावरून चालताना ती हात लावायची नाही. एक हात मोकळा, दुसऱ्यात चप्पल. शेतात तिने कधी चप्पल घातली नाही, मातीला पाय लागला पाहिजे म्हणायची. तोंडाने फटकळ होती. गावात मला पहिल्यांदा 'डॉक्टरीन' म्हणाली ती तीच, आणि तीही पत्र यायच्या आधी, मी सहावीत बेडकाचं चित्र काढलं तेव्हा.

तूर काढून झाली होती. तुरीचं झाड कापल्यावर जमिनीत जो खुंट उरतो तो सुरीसारखा टोकदार असतो, त्याला आम्ही धसकट म्हणतो. मोठ्या आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली धसकट घुसलं. तिने ते उपसून काढलं, हळद दाबली आणि काम संपवूनच घरी आली. चार दिवसांनी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि पाय पुढे केला.

"पाह्य बरं डॉक्टरीन. चिघळून राह्यलं वाटते."

जखम ओली होती. कडेला कातडी पांढरी पडली होती. मी अगदी डॉक्टरसारखं विचारलं, "दुखते काय?"

"नाही व. काहीच नाही दुखत."

"दाबलं तं?"

मी दाबलं. ती माझ्याकडे बघत होती, पायाकडे नाही. म्हणाली, "कायी नाही."

मला हायसं वाटलं. दुखत नाही म्हणजे आत काही नाही, असा मी हिशेब केला. साधं शहाणपणही तेच सांगतं. मी जखम धुतली, मलम लावलं, स्वच्छ पट्टी बांधली आणि सांगितलं, "पाणी नको लागू देऊ. आठ दिवसात सुकते." ती जाताना अंगणात कोणालातरी म्हणाली, "दवाखान्यात कायले जाऊ? दवाखाना घरीच हाय न."

मी रोज पट्टी बदलत होते. रोज विचारायचे, दुखते काय, आणि ती रोज नाही म्हणायची. सहाव्या दिवशी वास आला. मी मलम बदललं. त्या दिवशी मला भीती वाटली होती, हे मी आज कबूल करते. मनात स्पष्ट आलं होतं की हे आपल्याला समजत नाही. वडिलांना हाक मारून एवढंच सांगायचं होतं. बैठकीच्या खोलीत गेले, वडील समोर बसले होते, भिंतीवर पत्र होतं. मी पाणी पिऊन परत आले.

दहाव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला आणि अंगठा काळा पडला. वडिलांनी जीप केली आणि आम्ही तिला बुलडाण्याला नेलं. तिथल्या सर्जनांनी पट्टी सोडली, पाय बघितला आणि आधी तिची साखर तपासायला लावली. साखर खूप वाढलेली होती. किती वर्षांपासून, कोण जाणे. तिने जन्मात रक्त तपासलेलं नव्हतं. साखरेने पायाच्या नसा मरतात, सर्जन मला समजावून सांगत होते, म्हणून दुखत नाही. अशा माणसाला दुखत नाही हीच काळजीची गोष्ट असते.

मग त्यांनी विचारलं, "ही पट्टी कोणी बांधली?"

मी सोडलेल्या पट्टीकडे बघत राहिले. खाटेवरून मोठी आई म्हणाली, "म्याच बांधली साहेब."

"इतकी व्यवस्थित?"

"मंग? मले येते."

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला. अजून दोन दिवस गेले असते तर घोट्यापर्यंत काढावा लागला असता, असं सर्जन वडिलांना म्हणाले. वडिलांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते रागावून दोन शब्द बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. घरी आल्यावर त्यांनी एक गोष्ट केली. ब्लेड घेऊन मोटारसायकलवरचं लाल चिन्ह खरवडून काढलं. त्याचा चिकट डाग मात्र शेवटपर्यंत राहिला.

मोठी आई महिनाभर पडून होती. जखम भरल्यावर उभी राहिली तेव्हा तोल जायला लागला. अंगठा गेला की माणसाचं चालणंच बदलतं, पाऊल उचलताना शेवटचा जोर अंगठ्यावर असतो. डोक्यावर टोपलं घेऊन ती बांधावर चढली आणि टोपल्यासकट खाली बसली. मेथीच्या जुड्या ओल्या चरात विखुरल्या. मी धावत गेले तर म्हणाली, "हात नको लावू." पुन्हा तिने टोपलं डोक्यावर घेतलं नाही. बाजार सुटला. भाजी वडिलांसोबत जायची आणि ती अंगणात बसून जुड्या बांधायची. जन्मभर रस्त्यावर असलेली बाई अंगणात बसली, ते मला बघवत नव्हतं.

मी ठरवलं की सीट सोडायची. मला हे नको होतं. एका माणसाच्या पायाची मी ही अवस्था केली होती आणि पुढे हजारोंची करायचा मला परवाना मिळणार होता. कॉलेजला मेल लिहिला की माझी राखीव जागा रद्द करावी. पाठवायच्या आधी वडिलांना सांगितलं. ते उठून शेजारी गेले. त्यांना जे बोलता येत नव्हतं ते बोलायला त्यांनी मोठ्या आईला पाठवलं.

ती काठी टेकत आली. बसली नाही.

"काऊन व, जात नाही म्हनते?"

मी रडायला लागले. म्हटलं, "मोठी आई, माह्याच्यानं तुहा पाय गेला."

मला वाटलं, ती म्हणेल, नाही व माय, तुही काय चूक, माह्या नशिबात होतं. गावात असंच म्हणतात. मी ते ऐकायलाच रडत होते, हेही आता मला दिसतं.

ती म्हणाली, "हाव. तुह्याच्यानंच गेला."

माझं रडणं तिथेच थांबलं.

"तुले समजत नव्हतं तं सांगाचं होतं. दहा दिवस म्या तुह्या भरवशावर काढले. डॉक्टरसमोर तुहं नाव नाही घेतलं, थे घरची गोष्ट बाहीर कायले न्याची म्हनून. पन म्या इसरली नाही." मग काठी जमिनीवर आपटून म्हणाली, "आन आता म्हनते जात नाही! मंग माह्ये बोटं काय फुकट गेले? दोन बोटं घेतले तू माह्ये. आता शिकून ये."

ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"आन आजपासून म्या तुले डॉक्टरीन म्हननार नाही. झाली की म्हनीन."

तिने ते तंतोतंत पाळलं. गाव आपलं 'डॉक्टर, डॉक्टर' करतच होतं, ज्यांना बोटांचं कळलं होतं तेही करत होते. सवय झाली की लोक सोडत नाहीत. फक्त ती मला 'पोरी' म्हणायची. कोणी रिपोर्ट घेऊन आलं की ती अंगणातूनच ओरडायची, "तिले काय दाखवता? तिले नाही समजत. जा दवाखान्यात." लोकांना ते टोचून बोलणं वाटायचं. मला मात्र फार मोठा आधार वाटायचा, कारण जे वाक्य मला जमत नव्हतं ते माझ्या वतीने कोणीतरी बोलत होतं.

मी गेले. सहा वर्षं थंडीच्या देशात काढली. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं फारसं नाही. बर्फ पडतो, बटाटे खातात आणि अभ्यास भरपूर असतो. पहिल्या वर्षी शवविच्छेदनात पाय आला, तेव्हा सोबतच्या मुली नाक दाबून बाहेर गेल्या आणि मी अंगठ्याजवळ उभी राहिले. तिथे कोणतीच सीट पक्की नव्हती. दरवर्षी पोरं गळायची. आपल्याकडे परत आल्यावर इथे काम करायला एक परीक्षा द्यावी लागते, ती मी पहिल्यांदा नापास झाले. निकाल कळला त्या दिवशी गावातून फोनवर फोन, 'डॉक्टरसाहेब, असं कसं झालं?' मोठ्या आईचाही आला. तिने एवढंच विचारलं, "पुन्हा कधी हाय?" दुसऱ्या खेपेला पास झाले.

मग इंटर्नशिप. त्यातले काही महिने खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काढावे लागतात आणि मला आमच्याच भागातलं केंद्र मिळालं. वडिलांनी यंदा काही चिकटवलं नाही. गावाने मात्र पुन्हा सत्कार केला. मोठी आई पुढच्या रांगेत बसली होती. माइक तिच्यासमोर धरून कोणीतरी दोन शब्द बोला म्हटलं तर म्हणाली, "आमची पोरगी आली. बरं झालं." आणि माइक परत दिला. मी घरी येऊन आईजवळ चिडचिड केली की आता तरी म्हणायला काय हरकत आहे. आई म्हणाली, "तू जाऊन इचार न तिले." मी गेले नाही.

आरोग्य केंद्रात माझ्यावर एक डॉक्टर सर आहेत. बाहेर व्हरांड्यात रांग असते, मी आधी तपासते आणि लागलं तर सरांना विचारते. माझी एक सवय तिथल्या सिस्टरला फार वैताग देते. साखर असलेला माणूस खोकल्यासाठी आला तरी मी त्याला दोन्ही चपला काढायला लावते. रांग वाढते. म्हातारे लाजतात, पाय मागे घेतात, बाई, धुतले नाहीत म्हणतात. मी बोटांच्या बेचक्यांत बघितल्याशिवाय सोडत नाही.

गेल्या महिन्यात एका बाजाराच्या दिवशी रांगेत मोठी आई दिसली. वडिलांनी आणून सोडलं होतं. तिचा नंबर आला तेव्हा मी तिला बाकावर बसवलं, जागा उजेडाची हवी म्हणून दाराशीच, आणि खाली जमिनीवर बसले. उजवा पाय बरा होता. तिने डावा पुढे केला. टाचेच्या कडेला काळसर डाग होता. कातडी फाटलेली नव्हती, पण डाग मला आवडला नाही.

"डोळे मीट. मी हात लावला की सांग," म्हटलं आणि मऊ दोऱ्याने पायाला स्पर्श करायला लागले.

"हाव," ती म्हणाली. मी अजून लावलाच नव्हता.

"मोठी आई, लावू तर दे."

"हाव. हाव. आता लावला."

"नाही लावला."

मागच्या बाया हसायला लागल्या. तिने डोळे उघडले आणि रागाने त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा मिटले आणि या वेळी गप्प राहिली. मी टाचेला लावला. तळव्याला लावला. ती गप्पच. आपल्या पायावर कोणी हात ठेवला आहे हे तिला कळत नव्हतं, आणि ती वाट बघत होती.

मी पुन्हा तो डाग दाबून बघितला. आत पाणी असावं असं वाटलं, किंवा नसावंही. मी तिच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "मोठी आई, मले हे समजून नाही राह्यलं. मी सरांना इचारते. कदाचित आजच बुलडाण्याला दाखवा लागन."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मी उठले, हात धुतले आणि सरांच्या खोलीकडे निघाले. दार ओलांडते तोच मागून रांगेतल्या एका बाईचा आवाज आला, "काय व, अजून नाही झालं? एका पायाले किती येळ?"

आणि मोठी आई तिच्यावर खेकसली, "थांब नं जराशीक! डॉक्टरीन पाहून राह्यली."

सरांनी वर बघून विचारलं, काय झालं. मी त्यांच्या टेबलापाशी उभी होते आणि मला काय विचारायला आले होते ते सांगता येईना. शेवटी एकदाचं सांगितलं. मग आम्ही दोघं मिळून तिचा पाय बघायला बाहेर आलो.